संगणक दिला, पुढे काय?

वापरलेले संगणक दुरुस्त करून, ज्यांना नवा घेणे परवडत नाही त्यांच्यापर्यंत पोचवायचे, हे काम बाहेरून दिसते तितके सरळ नाही. संगणक मिळवणे फारसे अवघड नसते. वाटणे तर त्याहून सोपे. फलक लागतो, फोटो निघतात, मुलांचे चेहरे खुललेले असतात आणि तो आनंद खराही असतो. काम सुरू होते ते त्यानंतर. सहा महिन्यांनी त्या आश्रमशाळेत, वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा बचतगटाच्या खोलीत गेले, की किती संगणक चालू आहेत आणि किती प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पडून आहेत ते कळते. पडून असलेल्यांपैकी बऱ्याच संगणकांचे यंत्र ठीक असते. कुठेतरी काहीतरी अडलेले असते आणि ते सोडवायला जवळ कोणी नसते, किंवा असूनही हात लावायची हिंमत होत नाही. म्हणून गरिबाला संगणक द्यावा की नाही, यापेक्षा दिलेल्या संगणकाची देखभाल कोणाच्या हातात राहते हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लिनक्स आणि त्यासोबतची मुक्त सॉफ्टवेअर वापरावीत हा माझा आग्रह आहे तो याच प्रश्नातून आलेला. ती फुकट मिळतात हे खरे आणि उपयोगाचेही, पण तेवढ्यावर माझा आग्रह उभा नाही. यंत्र उघडायचा, त्यातली प्रणाली पुसून पुन्हा घालायचा, तिची प्रत काढून शेजारच्या शाळेला द्यायचा अधिकार यंत्राजवळच्या माणसाला देणारी दुसरी व्यवस्था मला आज दिसत नाही.

देखभाल म्हणजे नेमके काय, ते एका छोट्या वस्तूवरून स्पष्ट होईल. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. वीज बंद असतानाही संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. आठ-दहा वर्षे जुन्या डेस्कटॉपमध्ये तो बहुधा संपलेला असतो. मग प्लग काढून पुन्हा लावला, की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. ब्राउझर सुरक्षित वेबसाइटचे प्रमाणपत्र संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो आणि तारीख जुळली नाही तर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगून पान उघडायला नकार देतो. समोर बसलेल्या मुलीला एवढेच समजते, की नेट चालत नाही. शिक्षक रिचार्ज तपासतात, राउटर बंद-चालू करून पाहतात आणि शेवटी संगणक बिघडला असे धरून त्यावर कापड टाकतात. वीस-तीस रुपयांच्या सेलसाठी एक चांगला संगणक बाद होतो. या कामातले बहुतेक बिघाड असेच असतात. रॅमच्या पट्टीच्या पायांवर धूळ बसल्याने संगणक नुसता बीप वाजवत राहतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झाली, की यंत्र तापून आपोआप बंद पडते. पॉवर सप्लायमधला कपॅसिटर फुगलेला असतो. प्रत्येकाचा इलाज स्वस्त आहे. फक्त तो करणारा माणूस तिथे हवा, आणि आपण हे केले तर कोणी रागावेल अशी भीती त्याला नको.

पुरवठ्याची चिंता येती काही वर्षे तरी करावी लागणार नाही. कंपन्या, बँका, महाविद्यालये साधारण चार-पाच वर्षांनी संगणक बदलतात. त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५पासून विंडोज १०ला मोफत सुरक्षा-अपडेट देण्याचे नेहमीचे चक्र थांबवले, आणि विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सातव्या पिढीपर्यंतचे, उत्तम चालणारे, आठ जीबी रॅम असलेलेसुद्धा असंख्य संगणक एका तारखेने कार्यालयांच्या दृष्टीने जुने ठरले. दुसऱ्या बाजूला आपल्याकडची स्थिती पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात २३.४ टक्के. दोनच वर्षांनी करोनाने शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर आले तेव्हा या आकड्यांचा अर्थ गावोगावच्या पालकांना कळला. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. एकीकडे यंत्राची वाट पाहणारी घरे आणि दुसरीकडे कचऱ्यात जाणारी चालू यंत्रे, हे दृश्य अस्वस्थ करणारे आहे.

जुना संगणक हातात आला, की पहिले काम त्यातली माहिती पुसण्याचे. देणाऱ्या संस्थेची सगळ्यात मोठी धास्ती हीच असते आणि ती रास्त आहे. नुसता फॉरमॅट मारल्याने माहिती जात नाही. ती परत मिळवता येते. संपूर्ण हार्ड डिस्कवर पुन्हा लिहून ती खरोखर पुसणारी ‘एनवाइप’सारखी मुक्त साधने आहेत आणि त्यांचा अहवाल देणाऱ्याच्या हाती ठेवता येतो. त्यानंतर रॅम मेमटेस्टवर रात्रभर तपासायची, डिस्कची स्मार्ट चाचणी पाहायची. डिस्कवर खराब सेक्टर वाढत असतील तर ती डिस्क कोणालाही द्यायची नाही, कारण ती पहिली परीक्षा आली की मुलाच्या प्रकल्पासकट जाते. जुन्या यंत्रावर सगळ्यात जास्त परिणाम करणारा एकच खर्च आहे, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याचा. दोन-तीन मिनिटे सुरू होण्यात घालवणारा संगणक त्यानंतर अर्ध्या मिनिटात कामाला लागतो. रॅम चार जीबीवरून आठवर नेता आली तर आणखी उत्तम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे जुने सुटे भाग मिळतात आणि नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो.

यावर प्रणाली कोणती घालायची? बाजारातली रूढ पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार पेन ड्राइव्हवरून विंडोज ‘टाकून देतो’, सोबत ऑफिस आणि फोटोशॉपही, आणि ते चालू राहावे म्हणून एक ॲक्टिव्हेटर. हे बेकायदा आहे, हा एक भाग. माझा मुख्य आक्षेप या व्यवस्थेत गरीब वापरकर्ता जिथे जाऊन पोचतो त्याबद्दल आहे. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतात. क्रॅक उडू नये म्हणून अपडेट बंद ठेवतात. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह लागला, की फोल्डरचे शॉर्टकट होऊन बसतात. मग पुन्हा दुकान, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तीन-चारशे रुपये. आणि प्रत्येक फॉरमॅटबरोबर डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे जाते, कारण महत्त्वाचे कागद वेगळ्या पार्टिशनवर ठेवावेत हे कोणी सांगितलेलेच नसते. ज्या संगणकावरून आधार, बँक खाते, शिष्यवृत्तीचा अर्ज हाताळायचा, त्याचीच दारे उघडी राहतात. शिवाय चोरीच्या प्रतीवर शाळा चालवणाऱ्या शिक्षकाला उघडपणे कोणाची मदत मागता येत नाही. परवानाधारक विंडोज घालून देण्याची वैध वाट आहेच आणि ज्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते तिथे ती घ्यायला काही हरकत नाही. पण दानात येणारी बरीचशी यंत्रे त्या रेषेच्या अलीकडची असतात, आणि त्यांच्यासाठी ही वाट बंद आहे.

मुक्त प्रणालीत ही सगळी गाठ सुटते, कारण प्रत काढणे हा तिथे गुन्हा नाही, हक्क आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८३मध्ये जाहीर केलेला ‘जीएनयू’ प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये सुरू केलेले लिनक्स कर्नल ज्या जीपीएल परवान्याखाली वितरित होतात, तो परवाना वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे या सगळ्याला मोकळीक देतो. कामाच्या भाषेत याचा अर्थ असा. एक संगणक नीट मांडायचा. मराठी कळफलक, फाँट, लिब्रेऑफिस, शैक्षणिक कार्यक्रम, प्रिंटर सगळे तपासून घ्यायचे. मग ‘क्लोनझिला’ने त्याची प्रतिमा काढायची आणि ती बाकीच्या यंत्रांवर उतरवायची. तीच प्रतिमा एका पेन ड्राइव्हवर शाळेच्या कपाटात ठेवायची. संगणक कितीही गोंधळला तरी नववीतला मुलगा तो पेन ड्राइव्ह लावून तासाभरात त्याला पूर्ववत करू शकतो, कोणाची परवानगी न मागता आणि कोणता क्रमांक न टाकता. ज्या शाळेत मुलांना हे शिकवून ठेवले जाते, तिथे संगणक सुरू राहतात. गावातला सायकल दुरुस्त करणारा पाना घेऊन कोणतीही सायकल खोलतो, कारण ती खोलता येते अशीच बनवलेली असते. संगणकाबाबत तीच सोय हवी. सुरक्षा-अपडेटही थांबत नाहीत: डेबियनची दीर्घ मुदतीची आवृत्ती साधारण पाच वर्षे सांभाळली जाते, आणि लिनक्स मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

इथे मर्यादाही सांगायला हव्यात, कारण ‘लिनक्सने कोणताही डबा पळतो’ हा प्रचार या कामाचे नुकसान करतो. चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती समाधानाने चालते. दोन जीबीवर लुबंटूसारखी हलकी प्रणाली घ्यावी लागते. पण प्रणाली हलकी असली तरी आजचे वेबपान हलके नाही. रॅम खातो तो ब्राउझर. व्हिडिओ आणि जाहिरातींनी भरलेल्या पानाला लिनक्स काही करू शकत नाही. जाहिराती अडवणारे एखादे एक्स्टेन्शन घातले तर जुन्या यंत्राला खूप आराम मिळतो. मात्र दोन जीबीपेक्षा कमी रॅमचे, किंवा फक्त ३२-बिट चालणारे यंत्र आता विद्यार्थ्याच्या हातात देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३नेही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. अशी यंत्रे सुट्या भागांसाठी किंवा मुलांना खोलून शिकवण्यासाठी ठेवावीत.

मराठीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरचे सर्वांत मोठे देणे मी इथेच मानीन. आपल्या कार्यालयांत, छापखान्यांत वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीचे फाँट वापरले गेले. एका संगणकावर केलेला मराठी अर्ज दुसऱ्यावर उघडला, की विचित्र इंग्रजी अक्षरांचा भडिमार. युनिकोडमुळे ते संपले, आणि लिनक्सवर युनिकोडखेरीज दुसरी सवय लागतच नाही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय मानक कळफलक विंडोजवर जसा आहे तसाच तिथे आहे. एकदा बोटे बसली की यंत्र बदलले तरी अडत नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांची पडद्यावरची भाषा मराठी करता येते. पण बारकाई त्याच्या पुढे आहे. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य बरोबर उमटतो का, हे पाहावे लागते. मराठीतला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे आहेत. २००९च्या शासननिर्णयाने तीच रूपे प्रमाण ठरवली आणि मुले पाठ्यपुस्तकात तीच पाहतात. नोटो देवनागरीसारख्या मुक्त फाँटमध्ये ही मराठी रूपे आत दिलेली आहेत, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली तरच ती दिसतात. हिंदी ठेवली तर हिंदी वळणाचा ल येतो. पहिली-दुसरीच्या मुलाला पडद्यावरचे अक्षर पुस्तकातल्यासारखे दिसले पाहिजे, यासाठी ही एक सेटिंग प्रतिमा तयार करतानाच बदलून घ्यावी. आणि एखादे भाषांतर चुकलेले दिसले, तर ते सुधारून पाठवण्याची सोय असते. मराठी शाळेतला शिक्षक जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधला शब्द दुरुस्त करू शकतो, हे मला फार मोलाचे वाटते. जिथे नेट नाही तिथे ‘किविक्स’वर मराठी विकिपीडिया डिस्कवर उतरवून ठेवता येतो, डोंगरातल्या शाळेसाठी ही सोय मोठी आहे.

हे केवळ उत्साहाचे बोलणे नाही, याला केरळचा पुरावा आहे. तिथे २००१मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत राज्याच्या शाळांतले संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आले. २०१७पासून ‘काइट’ ही सरकारी कंपनी ते काम पाहते आणि उबंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना पुरवते. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा मुले त्याच प्रणालीवर देतात. केरळने शिक्षकांनाच प्रशिक्षक केले आणि २०१८पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-गटांमधून शाळेतल्या यंत्रांची काळजी मुलांपर्यंत नेली. गोव्यातही २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’ या अमेरिकी संस्थेमार्फत आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांत बसवले गेले आणि स्थानिक लिनक्सप्रेमींनी त्यासाठी आपला वेळ दिला. अमेरिकेत पोर्टलंडच्या ‘फ्री गीक’ने २०००पासून एक वेगळी रीत रुजवली: कार्यशाळेत ठरावीक काम करा, संगणक जोडायला शिका आणि स्वतः जोडलेला एक घरी न्या. हातात यंत्र आणि डोक्यात त्याची ओळख दोन्ही एकदम येते. या सगळ्यांत समान आहे ती देखभाल करणारी माणसे तयार करण्याची दृष्टी.

उलट उदाहरणही डोळ्यांआड करता येत नाही, आणि ते आपल्याच दारातले आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप नवे होते, मुलांसाठीच बनवलेले होते आणि लिनक्सवरच चालत होते. तरी देशभर ती योजना पसरली नाही. पेरू देशाने मात्र असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २०१२च्या अभ्यासात त्या मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. मुक्त सॉफ्टवेअर असले म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. शिक्षकाला विचारात न घेता वाटलेले यंत्र नवे असो वा जुने, महाग असो वा फुकट, त्याने शिकणे घडत नाही. माझ्या दृष्टीने हा अभ्यास मुक्त सॉफ्टवेअरच्या विरोधात जात नाही; नुसत्या वाटपाच्या विरोधात जातो.

आक्षेपांत सगळ्यात वजनदार आहे तो नोकरीचा. पालक विचारतात, आमच्या मुलीला ऑफिसात विंडोज आणि एक्सेल लागणार, तुम्ही तिला भलतेच का शिकवता? प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटी हे संगणक-साक्षरतेचे प्रमाणपत्र झाले आणि ते शिकवताना मायक्रोसॉफ्टचेच ऑफिस समोर असते. हिशेबाच्या नोकरीत टॅली लागते. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी तीस शब्द प्रतिमिनिट गती हवी आणि परीक्षाकेंद्रावर विंडोज असते. तरीही मी म्हणेन, की लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये बेरीज, टक्केवारी, व्हीलुकअप आणि पिव्होट शिकलेली मुलगी एक्सेलसमोर अडत नाही. मेनूची जागा बदलते, डोक्यातले गणित तेच राहते. टंकलेखनाची गती बोटांत असते आणि इन्स्क्रिप्टचा सराव कोणत्याही प्रणालीवर होतो. ज्या मुलीकडे आज सरावाला काहीच नाही, तिची तुलना विंडोज असलेल्या मुलीशी करून तिला रिकाम्या हाताने बसवण्यात अर्थ नाही. मात्र टॅलीबाबत मी युक्तिवाद करणार नाही. ज्या केंद्रात टॅलीचा वर्ग चालवायचा आहे, तिथे एक-दोन परवानाधारक विंडोज संगणक ठेवावेत. तत्त्वासाठी विद्यार्थ्याची संधी अडवू नये.

तोच विचार अंध विद्यार्थ्यांबाबत. लिनक्सवर ‘ऑर्का’ हा पडदावाचक आहे आणि ‘ईस्पीक’ मराठी वाचतो. पण अंध वापरकर्त्यांचा सराव, प्रशिक्षक आणि परस्परांची मदत बहुतांशी विंडोजवरच्या ‘एनव्हीडीए’भोवती आहे, आणि तो दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी सुरू केलेला पडदावाचक स्वतःच मुक्त सॉफ्टवेअर आहे. तिथे विंडोज आणि एनव्हीडीए हीच जोडी द्यावी. प्रिंटरचेही आधी पाहून घ्यावे: आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे काही स्वस्त लेसर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात, काही विनातक्रार चालतात. डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलांचेही तसेच. संस्थेने यंत्र देण्यापूर्वी तिथला प्रिंटर कोणता हे विचारले, तर निम्म्या तक्रारी होतच नाहीत.

आता सगळ्यांत टोचणारा आक्षेप: श्रीमंतांनी टाकलेले गरिबांना का? याला मी झटकून उत्तर देऊ शकत नाही, कारण हा आक्षेप पुष्कळदा खरा ठरतो. अनेक देणग्या म्हणजे गोदाम रिकामे करण्याचा मार्ग असतो. चार्जर नसलेले लॅपटॉप येतात, रॅम काढून घेतलेले डेस्कटॉप येतात, बायोसला कंपनीचा पासवर्ड लावलेली यंत्रे येतात, फुगलेल्या बॅटऱ्या येतात. अशी बॅटरी पेट घेऊ शकते आणि ती मुलांच्या हातात देणे हा अपराध आहे. ई-कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी दानाच्या नावाखाली एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर ढकलली जाते, जिच्याकडे ती पुढे सोपवायला कोणीच नाही. यावर उत्तर एकच: देणाऱ्याने स्वतःच्या मुलाला जे यंत्र वापरायला दिले असते, तेवढ्याच लायकीचे यंत्र बाहेर जावे. ते तपासलेले असावे, पडदा स्वच्छ असावा, सुरू व्हायला मिनिटभराहून जास्त लागू नये, आणि बंद पडल्यास बदलून देण्याचा लेखी शब्द असावा. ज्या प्रयोगशाळांत, सर्व्हरवर आणि वेबच्या पाठीमागे जगाचे काम चालते तिथे बहुतांशी लिनक्सच असते. गरीब मुलाला ते दिले म्हणजे त्याला दुय्यम प्रणाली दिली, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. दुय्यम ठरते ती न तपासलेली, न सांभाळलेली वस्तू. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२, जे १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, त्यांत दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग मानला आहे. आयुष्य संपलेले यंत्र परत घेऊन नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे देणे, हा या कामाचाच शेवटचा टप्पा समजला पाहिजे.

मोबाइल आहे की, मग संगणक कशाला, असेही विचारतात. मोबाइलवर पाहणे होते, ऐकणे होते, पैसे पाठवणे होते. पण महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला ठरावीक आकारात बसवून चढवायचा, चार पानी अर्ज टाइप करायचा, बचतगटाचा वर्षाचा हिशेब ताळेबंदासह मांडायचा, किंवा स्क्रॅचमध्ये पहिला खेळ रचायचा, तर कळफलक आणि मोठा पडदा लागतोच. आज यासाठी सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात पैसे मोजावे लागतात, आणि पासवर्डही दुसऱ्याच्या वहीत जातो. विजेच्या खर्चाचा आक्षेप मला अंशतः मान्य आहे: जुना टॉवर डेस्कटॉप लॅपटॉपच्या कितीतरी पट वीज घेतो आणि भारनियमनात यूपीएस मागतो. म्हणून गावासाठी लॅपटॉप किंवा छोटे कार्यालयीन डेस्कटॉप आधी निवडावेत, टॉवर शेवटी.

राहिला पैशाचा हिशेब. सीएसआर निधीतून संगणकांची संख्या दाखवता येते, देखभालीची दाखवता येत नाही, म्हणून देखभालीला पैसा मिळत नाही. हे बदलायला हवे. दहा संगणकांचे पैसे असतील तर सात द्यावेत आणि उरलेले पैसे, तीन वर्षे त्यांना सांभाळणाऱ्या स्थानिक तरुणाच्या मानधनासाठी, सेल, पेस्ट, एसएसडी आणि प्रवासखर्चासाठी बाजूला ठेवावेत. आणि ज्या कार्यालयांत विंडोज १०चे संगणक बदलले जात आहेत, तिथल्या आयटी विभागांना माझी विनंती आहे: भंगाराची निविदा काढण्याआधी एकदा जवळच्या शाळेला, वसतिगृहाला विचारा. संगणक देताना डिस्क पुसून द्या पण काढून घेऊ नका, रॅम आत राहू द्या, चार्जर सोबत बांधा आणि बायोसचा पासवर्ड काढून द्या.